परीक्षकाची सतरंजी

हेमराजनं डबी उघडली, आतलं हरभऱ्याच्या दाण्याएवढं यंत्र चिमटीत धरलं आणि प्रभाकररावांच्या उजव्या कानाशी नेलं. प्रभाकररावांनी मान मागं घेतली ती थेट भिंतीला टेकली. मग हेमराजचं मनगट धरून त्यांनी तो हात हळूच खाली ठेवला.

"कानाचं मशीन हाय, काकाजी," हेमराज ओरडूनच बोलला. "लावून तर पाहा. नाई जमलं तर काढून ठेवजा."

"राहू दे बापा. पंच्याहत्तरी झाली. आता नवीन काय ऐकाचं राह्यलं मले?"

डबी बंद करून त्यांनी ती कोनाड्यात चष्म्याच्या घराशेजारी ठेवली आणि विषय संपवला. हेमराजला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. माणसाचं मन मोठं लबाड. एका हातानं देतं, आणि समोरच्यानं घेऊ नये म्हणून मागच्या मागं देव पाण्यात घालून बसतं. दुपारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात त्याला काकाजींसमोर पेटी वाजवायची होती, आणि ती त्यांना ऐकू न आलेलीच बरी होती.

हेमराज याच गावचा, आंजीचा. चौकातल्या किराणा दुकानदाराचा धाकटा मुलगा. दुकान आता थोरला योगेंद्र चालवतो. वयाच्या नवव्या वर्षी हेमराज प्रभाकररावांकडे पेटी शिकायला आला आणि दुकानात कधी बसलाच नाही. प्रभाकरराव सोसायटीत गटसचिव होते, संध्याकाळी भजनी मंडळ चालवायचे. विसाव्या वर्षी नागपूरच्या एका नाटकमंडळीला पेटीवाला हवा होता म्हणून हेमराज तिकडं गेला. एका प्रयोगाला हवालदाराचं काम करणारा नट तापानं पडला, तेव्हा हा पेटीवरून उठून तसाच रंगमंचावर चढला. लोक पोट धरून हसले. झालं, पोरगा नट झाला. पुढं मुंबईत त्यानं बारा-तेरा वर्षं हवालदार, चपराशी, ट्रकवाला असं मिळेल ते केलं. दोन पिक्चरमध्ये तर नुसतं प्रेत होऊन पडला, आणि त्याचेही पैसे वेळेवर आले नाहीत. पेटी खाटेखाली धूळ खात होती.

चाळिशीला टेकला तेव्हा तो पिक्चर आला. खेड्यातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याची गोष्ट होती, आणि दिग्दर्शकाला खराखुरा वाजवणारा नट पाहिजे होता. सगळी मुंबई धुंडाळून तसा एकच निघाला. 'स्वतः गाणारा, स्वतः वाजवणारा नट' म्हणून पेपरात छापून आलं, बक्षीस मिळालं, मग गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले, विमानं सुरू झाली. आंजीत त्या पिक्चरचं नाव कोणी घेत नाही. 'आपला पिक्चर' म्हणतात.

फक्त आपल्या पिक्चरमधली पेटी हेमराजनं वाजवलेली नव्हती.

म्हणजे चित्रीकरणात वाजवली त्यानंच, काकाजींनी शिकवली तशी, काळी दोनचा, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा सा धरून. पण नंतर स्टुडिओत संगीतकार म्हणाला, हे फार खाली वाटतं, वर उचला. सगळं गाणं काळी तीनवर गेलं. हेमराज त्या पट्टीत नव्यानं गायला. पेटीवर मात्र स्टुडिओतला रोजचा वादक बसवला, कारण वेळ नव्हता. पडद्यावर बोटं दिसतात ती हेमराजची, काळी दोनवर फिरणारी. ऐकू येते ती पेटी भलत्याची, काळी तीनची. मुंबईत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिथली माणसं नटाचा चेहरा बघतात. इथं गावागावात दोन-दोन भजनी मंडळं. इथला माणूस आधी बोटं बघतो.

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर चार दिवस चर्चा होऊन विषय मिटला असता. पण बक्षीस हातात पडलं होतं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं मनाला सांगितलं. पुढं कार्यक्रमांत प्रत्येक ठिकाणी तेच गाणं, तीच काळी तीनची पट्टी, आणि ती त्याच्या हाताला बसलेली नव्हती. मग मागच्या रांगेत दुसरी पेटी घेऊन एक साथीदार बसू लागला. अवघड जागा आली की तो वाजवी, आणि समोर हेमराज नुसती बोटं फिरवी. बारा वर्षं असं चाललं होतं.

आता एका वाहिनीनं नव्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची स्पर्धा काढली होती आणि हेमराजला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. करारावर उद्या सही करायची होती. नागपूरहून सकाळी दहाचं विमान होतं. त्याआधी तो आंजीला आला, कारण इकडच्या मंडळांमध्ये एक रीत आहे. परीक्षकाच्या सतरंजीवर पहिल्यांदा बसायचं, तर आधी आपल्या गुरूसमोर चारचौघांत एक भजन वाजवून दाखवायचं. गुरूनं 'बस' म्हटलं की बसायचं. रीत पाळली नाही म्हणून वाहिनीवाले काही फासावर देणार नव्हते. पण गावानं नावं ठेवली असती. शिवाय काकाजींना अकरा वर्षांपासून ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ते प्रेमानं बघतील आणि 'बस' म्हणतील, एवढंच व्हायचं होतं.

"हेमराज, आत ये बरं जरा," स्वयंपाकघरातून प्रभाकररावांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी हाक मारली.

त्या पोळपाटावर सांबारवड्या लाटत होत्या. कोथिंबिरीला इकडं सांबारच म्हणतात, आणि हिवाळ्यात ही वडी खाल्ल्याशिवाय कोणाला घरातून जाऊ देत नाहीत. तळलेल्या दोन वड्या त्यांनी ताटलीत घालून त्याच्यापुढं सरकवल्या.

"घेतलं का मशीन त्याईनं?"

"नाई काकू. ठेवून देलं."

"कायले आनलं बापा एवढं महागाचं." त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याईच्या कानाले काय धाड भरली? बाहेर आंगणात बसून इथलं दूध उतू जातानी ऐकू येते त्याईले."

हेमराजनं उचललेली वडी परत ताटलीत ठेवली.

"मंग मी आलो का एवढं ओरडून..."

"मीही ओरडतो. चारचौघात ओरडतो, घरात हळू बोलतो. अकरा वर्षं झाले."

"काऊन पन?"

यशोदाबाईंनी वडीची घडी घालून कडा दाबल्या, मग बोलल्या. "गिरडची स्पर्धा. तुया पिक्चरच्या दुसऱ्या साली. तू नवता आलता. हे परीक्षक होते."

गिरडला टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा, तिथं साऱ्या जातीधर्माची माणसं जातात, आणि त्या वर्षी खाली गावात भजनाची मोठी स्पर्धा भरली होती. परीक्षक म्हणून प्रभाकररावांचा दरारा होता. सख्ख्या भावाचा सूर हलला तरी गुण कापतील, असं लोक म्हणत. समुद्रपूरकडच्या एका मंडळाचा पेटीवाला होता चंदन नावाचा. गाणारा वर चढला की हा पठ्ठ्या नुसती बोटं फिरवी, पट्टी दाबतच नसे. टाळांच्या गजरात कोणाला कळतंय. प्रभाकररावांना कळलं. त्यांनी पाच गुण कापले.

"चंदन उभा झाला," यशोदाबाई म्हणाल्या. "भर लोकाईत म्हने, गुरुजी, तुमच्या हेमराजची बोटं पिक्चरात काळी दोनवर अन् पेटी वाजते काळी तीनची. त्याचे गुण कोन कापन? त्यानं वाजवली का नाई वाजवली, तुमीच सांगा."

"अन् काकाजी?"

"माईक घेतला हातात. म्हनले, हेमराजनंच वाजवली. मी शिकवलं त्याले, मी सांगतो." त्यांनी पोळपाट बाजूला सारला. "त्याईचा शब्द. पुढं कोन बोलन? पाच गुणानं चंदनचा पह्यला नंबर गेला. वरून लोक हसले त्याले, का पाहा, चोराच्या उलट्या बोंबा. पेटीच सोडली म्हनते मंग त्यानं."

हेमराजनं बोटांना लागलेलं तेल रुमालाला पुसलं.

"दुसऱ्याच दिवशी त्याईनं मंडळाच्या तबलेवाल्या हिरालालले निरोप धाडला, मले ऐकू येत नाई, परीक्षक दुसरा पाहा. मले एकटीले सांगतलं, खोटी साक्ष देली ना, आता त्या सतरंजीवर बसू नाई. तवापासून बहिरे."

"मले कोनी काऊन नाई सांगतलं, काकू?"

"सांगून काय केलं असतं तू?"

हेमराजनं विचारलं, "मंग आज काऊन सांगून राह्यल्या?"

"आज तू त्याच सतरंजीवर बसाले निघाला म्हनून," यशोदाबाई म्हणाल्या. "खाय ते. थंडी झाली का चव जाते त्याची. अन् मी सांगतलं म्हनून बोलू नोको."

वड्या त्यानं खाल्ल्या, पण चव काही कळली नाही. बाहेर आला तेव्हा प्रभाकरराव ओट्यावर धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसले होते.

"काकाजी," हेमराज अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हणाला.

पुसणारं बोट काचेवर थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं. प्रभाकररावांनी मान वर केली नाही.

चारपर्यंत त्यानं मनाशी ठरवून टाकलं. पिक्चरचं भजन घ्यायचंच नाही. लहानपणी शिकलेलं एखादं साधं, संथ भजन घ्यायचं, काळी दोनमधून. ते हाताला अजून येत असणार. स्वच्छ वाजवायचं, काकाजी काय म्हणतील ते ऐकायचं, आणि उद्याचं उद्या.

पण ठरवलेलं पार पडलं तर तो माणूस कसला. रविवार होता, कापूस वेचून लोक लवकर घरी आले होते. सभामंडपात चाळीसेक माणसं जमली होती, बायकांची बाजू वेगळी. मधोमध सतरंजी, तिच्यावर मंडळाची पेटी. हिरालाल हातोडीनं तबला ठोकत होता. साठीचा गडी, हेमराजचा लहानपणचा साथीदार, तोंडानं वाचाळ पण तबल्याला पक्का.

"या स्टार," तो म्हणाला. "आमाले वाटलं, तुयासाठी खुर्ची आना लागते का काय."

"हिरालाल, आपलं जुनं घेऊ एखादं. काळी दोनमधून."

"जुनं आमी रोजच ऐकतो गा. आज पिक्चरचं पाह्यजे. लोकं त्याच्यासाठी आले. अन् तबला मी काळी तीनलेच लावून ठेवला हाय. आता उतरवाचा म्हनलं तर अर्धा घंटा जाईन."

नाही म्हणायला तोंडात शब्द होता. पण बायकांच्या बाजूनं दोन-तीन फोन वर झाले होते, पुढच्या रांगेतला म्हातारा आधीच ताल धरून डोलत होता, आणि हेमराज कितीही झालं तरी नट होता. लोक समोर बसले की त्याच्यानं नाही म्हणवत नसे.

"चालते," तो म्हणाला.

प्रभाकरराव खांबाला पाठ लावून बसले होते. हेमराजनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, पेटीवर येऊन भाता सोडला आणि सुरुवात केली.

आवाज चांगला लागला. तो होताच चांगला, त्यात काही खोट नव्हती. मुखड्याला बोटंही बरोबर चालली. टाळ सुरू झाले, लोकांनी ओळ उचलून धरली, आणि हेमराजला बरं वाटू लागलं. मनातली भीती कमी झाली. अंतरा आला. आवाज वरच्या सा कडं निघाला, टाळांचा गजर वाढला, हेमराजनं डोळे मिटले, मान मागं टाकली. पडद्यावर टाकली होती तश्शीच. आणि बोटं बारा वर्षांच्या सवयीनं पट्ट्यांवरून नुसतीच घसरत गेली. त्याला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही.

"थांब."

आवाज मोठा नव्हता. टाळ एकेक करून बंद पडले. हिरालाल इकडंतिकडं बघू लागला, कोण बोललं म्हणून.

"वरचा सा दाब," प्रभाकरराव खांबाशी बसूनच म्हणाले. "नुसता हात फिरवू नोको. मागून घे."

हेमराजनं मागून घेतलं. या वेळी बोट दाबलं, पण उशिरा. आवाज पुढं निघून गेला होता. "मागून घे," प्रभाकरराव म्हणाले. तिसऱ्या वेळी शेजारचीच पट्टी दाबली गेली आणि बेसूर आवाज सगळ्या सभामंडपात घुमला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं डोलणं थांबवलं. चौथ्या वेळी हेमराजनं भाता हलवलाच नाही.

"नाई जमून राह्यलं, काकाजी," तो म्हणाला. "कार्यक्रमात माह्या मागं एक जन बसते. तो वाजवते."

चाळीस माणसांसमोर हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं, आणि एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बायकांच्या बाजूचे फोन खाली गेले.

प्रभाकरराव उठले, गुडघ्यावर हात देत आले आणि सतरंजीवर त्याच्याशेजारी बसले. हेमराजचा उजवा हात उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, आणि थोडा वेळ त्या बोटांकडं बघत राहिले.

"मी ज्या हाताची साक्ष देली, तो हात वाजवे," ते म्हणाले. "पिक्चरवाल्याईनं दुसऱ्याची पेटी घातली असन, त्यात माह्या पोराचं काय चुकलं, असं समजावलं मी मनाले. त्या भरवशावर मी राह्यलो. तो हात कुठी घालवला तू, हेमराज?"

हेमराजचे डोळे भरून आले.

हिरालालचं तोंड अजून उघडंच होतं. "काकाजी," तो म्हणाला, "तुमाले ऐकू येते?"

"येते." प्रभाकररावांनी लोकांकडं पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "पिक्चर पाह्यला तवाही येत होतं. गिरडलेही येत होतं."

समोरची निम्मी माणसं त्या दिवशी गिरडला होती. हिरालाल तर तबल्यावरच होता, आणि चंदनला हसणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"तो चंदन कुठी राह्यते, माईत हाय का तुले?" प्रभाकररावांनी त्याला विचारलं.

"गिरडच्या अलीकडं. रोडवरच हाय गाव. शेती करते म्हनते आता."

"उद्या पह्यल्या एसटीनं जातो मी."

"एसटीनं कायले, काकाजी," हेमराज म्हणाला. "माह्यापाशी गाडी हाय. सातले निघू आपन."

"अन् तुयं विमान?"

"जाऊ द्या ते."

प्रभाकररावांनी त्याचा हात मांडीवरून उचलून पेटीवर ठेवला.

"मंग पेटी ठेवजो गाडीत," ते म्हणाले. "चंदनपुढं वाजव. गुण तो देईन."